हेलिकॉप्टर शिकावे, पण कोणाच्या जोखमीवर?

नागपुरात हेलिकॉप्टरचा कारखाना निघणार, अशी वार्ता जून २०२५ मध्ये आली. महाराष्ट्र शासन आणि मॅक्स एअरोस्पेस ही कंपनी यांच्यात त्यासंबंधी सामंजस्य करार झाला. आठ वर्षांत ८,००० कोटी रुपयांची गुंतवणूक आणि सुमारे २,००० लोकांना प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष रोजगार, असे त्याचे स्वरूप सांगण्यात आले. सामंजस्य करार आणि प्रत्यक्ष उत्पादन यांत किती अंतर असू शकते, हे नागपूरकरांना कोणी नव्याने सांगावयास नको. तथापि या वार्तेने एक गोष्ट मात्र घडवून आणली. जो विचार आपल्याकडील मध्यमवर्गीय घरात आजवर सहसा कोणी बोलून दाखवीत नसे, तो आता उघडपणे बोलला जाऊ लागला आहे. हेलिकॉप्टर येथे बनणार असेल तर ते चालविण्याचे शिक्षण का घेऊ नये, असे महाविद्यालयातील विद्यार्थी विचारू लागले आहेत. आणि त्यांच्यामागोमाग, किंचित धास्तावलेल्या चेहऱ्याने, त्यांचे पालकही.

उड्डाणाचे तंत्र हा अर्थशास्त्राच्या अध्यापकाचा विषय नव्हे, हे मान्य. परंतु असा निर्णय घेताना एखादे कुटुंब जे पणाला लावते, तो निश्चितच अर्थशास्त्राचा विषय आहे. त्या दृष्टीने या प्रश्नाकडे पाहिले असता एक विचित्र परिस्थिती दिसून येते. हेलिकॉप्टर वैमानिकाची गरज समाजाला आहे. पण तो घडविण्याचा खर्च एक तर सैन्यदले सोसतात, नाहीतर एखादे एकटे कुटुंब. या दोहोंच्या मधली जागा रिकामी आहे. ती भरून काढण्याची काही व्यवस्था केल्यावाचून तरुणांना या क्षेत्रात उतरण्याचा उपदेश करणे म्हणजे त्यांच्या आईवडिलांच्या आयुष्यभराच्या बचतीशी खेळ करण्यासारखे आहे.

तास थोडे, खर्च मोठा

प्रथम या शिक्षणाचे स्वरूप लक्षात घेतले पाहिजे. विमानाच्या व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे २०० तासांच्या उड्डाणाची अट आहे, तर हेलिकॉप्टरसाठी १५० तासांची. उमेदवाराचे वय १८ वर्षे पूर्ण असावे लागते. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय आवश्यक मानले गेले आहेत. ही अट सैल करून कला व वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही वाट मोकळी करावी, असा विचार २०२५ मध्ये पुढे आला. याशिवाय हवाई नियम, मार्गनिर्धारण, हवामानशास्त्र आणि तांत्रिक विषय यांच्या लेखी परीक्षा द्याव्या लागतात. पहिल्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी उत्तीर्ण व्हावी लागते, ती वेगळीच.

दोनशेपेक्षा दीडशे तास कमी, तेव्हा खर्चही कमी, असा समज सहज होतो. वस्तुस्थिती उलट आहे. स्थिर पंखांचे छोटे शिकाऊ विमान हे तुलनेने साधे यंत्र असते. हेलिकॉप्टरच्या डोक्यावर फिरणारे पाते, शेपटीकडचे लहान पाते आणि त्यांना इंजिनाशी जोडणारी दातेरी चाकांची पेटी यांतील कित्येक भागांना तासांचे आयुष्य नेमून दिलेले असते. तेवढे तास भरले की भाग चांगला दिसत असला तरी तो काढून टाकावा लागतो. साहजिकच प्रत्येक तासाच्या भाड्यात या भविष्यातील खर्चाचा वाटा धरलेला असतो. विमानाच्या परवान्यासाठी सर्वसाधारणपणे ४० ते ५० लाख रुपये लागतात असे सांगितले जाते. हेलिकॉप्टरचा ताशी दर त्याहून पुष्कळ चढा आहे.

विद्याही सोपी नव्हे. विमान पुढे धावत राहते तोवर हवा त्याला तोलून धरते. हेलिकॉप्टरला एका जागी अधांतरी उभे राहावयाचे असते. एका हातातील दांड्याने दिशा सांभाळायची, दुसऱ्या हाताने उंची कमीजास्त करायची आणि दोन्ही पायांनी शेपटीचा तोल राखायचा. यांपैकी एकात बदल केला की उरलेल्या दोहोंतही तत्क्षणी बदल करावा लागतो. इंजिन बंद पडल्यास खाली येताना मिळणाऱ्या हवेच्या झोतावर पाते फिरते ठेवून यंत्र सुखरूप जमिनीवर टेकविण्याचा सरावही करून घेतला जातो. ही विद्या अंगी बाणण्यासाठी चांगला शिक्षक, योग्य यंत्र आणि सलग सराव या तिन्ही गोष्टी लागतात, आणि तिन्हींना पैसा लागतो.

विदर्भात शाळा आहेत, पण विमानाच्या

विदर्भाला उड्डाणाची परंपरा नाही, असे कोणी म्हणू नये. १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या हवाई टपालसेवेत मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांची विमाने मध्यरात्री सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करीत आणि आल्या दिशांना परतत. त्याच सोनेगावला १९४७ पासूनचा नागपूर फ्लाइंग क्लब आहे. मधली काही वर्षे तेथील प्रशिक्षण बंद होते, हेही खरे. गोंदियाजवळ बिरसी येथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था आली. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर एअर इंडियाची मोठी प्रशिक्षण संस्था होणार असल्याचे २०२४ मध्ये जाहीर झाले. वर्षाकाठी १८० वैमानिक घडविण्याचे तिचे उद्दिष्ट सांगण्यात आले.

या तिन्ही ठिकाणांचा विषय स्थिर पंखांची विमाने हाच आहे, आणि त्यामागील कारण सरळ आहे. २०२३ या एका वर्षात एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदविली. विमाने येणार म्हणजे वैमानिक लागणार, हे गणित भांडवल गुंतविणाऱ्याला ताबडतोब समजते. हेलिकॉप्टरच्या बाबतीत असे गणित मांडता येत नाही. एवढ्या अवाढव्य देशात नागरी हेलिकॉप्टरे तीनशेही नाहीत. समुद्रातील तेलविहिरींवर कामगारांची ने-आण, केदारनाथ आणि वैष्णोदेवीच्या यात्रा, राज्य सरकारांची कामे, उद्योगपतींचे प्रवास आणि निवडणुकीतील दौरे, एवढाच त्यांचा मुख्य व्यवसाय. त्यातीलही कित्येक कामे हंगामी. बंगळुरूला हिंदुस्तान एअरोनॉटिक्सने हेलिकॉप्टर वैमानिकांसाठी अकादमी काढली. परंतु देशातील अशा नागरी शाळा बोटांवर मोजण्याइतक्याच राहिल्या.

लष्कराच्या खर्चावर नागरी व्यवसाय

मग ही तीनशेच्या आतली हेलिकॉप्टरे चालविते कोण? बहुतांशी सैन्यदलांतून निवृत्त झालेले वैमानिक. वायुदल, नौदल, तटरक्षक दल आणि लष्कर यांनी सरकारी खर्चाने घडविलेली, हजारो तासांचा अनुभव गाठीशी असलेली माणसे चाळिशी-पन्नाशीत नागरी क्षेत्रात येतात. आपल्याच राज्यात नाशिक रोड येथे लष्कराची हवाई प्रशिक्षण शाळा आहे. १९८६ साली स्थापन झालेल्या आर्मी एव्हिएशन कोअरचे वैमानिक तेथे तयार होतात. मे २०२२ मध्ये कॅप्टन अभिलाषा बराक यांनी तेथूनच प्रशिक्षण पूर्ण केले आणि त्या या कोअरच्या पहिल्या महिला लढाऊ वैमानिक ठरल्या.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानवी भांडवलावरील ग्रंथात प्रशिक्षणाचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक, ज्याचा उपयोग केवळ त्याच मालकाकडे होतो. दुसरा, ज्याचा उपयोग कोठेही होतो. दुसऱ्या प्रकारचे प्रशिक्षण मालक आपल्या पैशाने देत नाही. कारण शिकलेला माणूस उद्या शेजारच्या कंपनीत गेला तर घातलेला पैसा बुडतो. म्हणून असा खर्च शेवटी शिकणाऱ्यावरच पडतो. हेलिकॉप्टर वैमानिकाचे प्रशिक्षण नेमके या दुसऱ्या प्रकारचे आहे. त्यात आपल्याकडे आणखी एका गोष्टीची भर पडते. लष्कराने घडविलेला तयार माणूस दाराशी उभा असताना कोणती कंपनी दीडशे तासांच्या नवशिक्याला घेऊन त्याच्यावर खर्च करील? कंपन्यांना दोष देण्याचे कारण नाही. स्वस्त आणि सुरक्षित पर्याय कोणीही निवडील.

या व्यवस्थेत त्या निवृत्त वैमानिकांचाही काही अपराध नाही. उलट अत्यंत अवघड कामे तेच करीत आले आहेत. १५ जून २०२५ रोजी केदारनाथजवळ हेलिकॉप्टर कोसळून सात जणांना मृत्यू आला. त्यांत यवतमाळ जिल्ह्यातील यात्रेकरू होते, आणि त्या हेलिकॉप्टरचा वैमानिक लष्करातून निवृत्त झालेला अधिकारी होता. दीर्घ अनुभव असलेल्या वैमानिकाच्या हातूनही डोंगर आणि ढग जेथे चूक सुधारण्यास वाव ठेवीत नाहीत, तेथे अननुभवी माणसाला धाडू नये, हे कंपन्यांचे आणि विमा उतरविणाऱ्यांचे म्हणणे वाजवीच आहे. अडचण एवढीच की, अनुभव असल्यावाचून नोकरी नाही आणि नोकरीवाचून अनुभव नाही.

परवाना म्हणजे नोकरी नव्हे

पालकांनी समजून घ्यावयाची मुख्य गोष्ट हीच आहे. दीडशे तासांचा परवाना ही या व्यवसायाची पहिली पायरी आहे. मुख्य वैमानिकाच्या जागेसाठी मोठ्या कंत्राटांत जो अनुभव मागितला जातो, तो हजाराच्या हिशेबात असतो. दीडशे आणि हजार यांच्या दरम्यानचे तास स्वतःच्या पैशाने विकत घेणे भल्याभल्यांना शक्य नाही. ते सहवैमानिक म्हणून काम करीतच मिळवावे लागतात. तेव्हा शाळेत प्रवेश मिळेल काय, हा खरा प्रश्न नसून परवान्यानंतर सहवैमानिकाच्या आसनावर कोण बसवील, हा आहे.

अॅडम स्मिथने १७७६ साली या मनोवृत्तीचे मर्म ओळखले होते. मुलाला चांभाराकडे उमेदवारीस ठेवले तर तो जोडे शिवण्यास शिकेल याची जवळजवळ खात्री असते. वकिलीला घातले तर वीसांत एखादाच त्यावर पोट भरण्याइतका यशस्वी होतो, असे त्याने म्हटले आहे. तरीही तरुण वकिलीकडे, सैन्याकडे आणि समुद्राकडे ओढले जातात. कारण माणूस आपल्या नशिबाचा अंदाज नेहमी जरा वाढवूनच करतो. सोडतीत बक्षीस मिळालेला सर्वांना दिसतो. ज्यांची तिकिटे कोरी निघाली ते घरी बसलेले असतात, आणि त्यांची छायाचित्रे कोणत्याही शाळेच्या माहितीपत्रकात छापली जात नाहीत.

स्मिथच्या काळच्या तरुणाने निदान स्वतःची काही वर्षेच पणाला लावली होती. आजचा विद्यार्थी त्याबरोबर वडिलांचे घर पणाला लावतो. बँकांच्या शैक्षणिक कर्जाच्या सर्वसाधारण योजनेत साडेसात लाखांपुढील कर्जाला तारण द्यावे लागत आले आहे. शिक्षक किंवा कारकून यांच्याकडे तारण म्हणून राहते घर किंवा गावाकडची चार एकर शेती याखेरीज काय असणार? अभियांत्रिकीचा पदवीधर बेकार राहिला तर बँकेची परीक्षा देतो, शिकवणी घेतो, काहीतरी करतो. हेलिकॉप्टरच्या परवान्याचा दुसरा काहीच उपयोग नाही. शिवाय तो वापरात ठेवण्यासाठी वैद्यकीय तपासणी आणि सराव चालूच ठेवावा लागतो. अर्थात घरी बसलेल्या वैमानिकाचा खर्चही थांबत नाही.

म्हणून मुलांनी स्वप्नेच पाहू नयेत काय? असे कोणी सुचवीत नाही. फक्त पावले कोणत्या क्रमाने टाकावीत याचा विचार व्हावा. शुल्काचा एक रुपयाही भरण्यापूर्वी पहिल्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. डोळ्यांतील किंवा कानांतील एखादा दोष कर्ज काढल्यानंतर कळण्यापेक्षा आधी कळलेला बरा. ज्याला सैन्यदलांत जाणे शक्य आहे त्याने तो दरवाजा प्रथम ठोठवावा. तेथे हीच विद्या पगार घेत शिकता येते. परदेशी शाळेचा विचार करणाऱ्याने तेथील परवाना येथे चालण्यासाठी पुन्हा परीक्षा द्याव्या लागतात, हे लक्षात ठेवावे. पदवीचा अभ्यास अर्धवट सोडू नये. आणि कोणत्याही शाळेत गेल्यावर किती विद्यार्थी उत्तीर्ण झाले हे विचारू नये. मागील तीन वर्षांत उत्तीर्ण झालेल्यांपैकी आज प्रत्यक्ष उड्डाण करणारे किती, हे विचारावे. या एका प्रश्नाला स्वच्छ उत्तर मिळत नसेल तर पुढच्या बोलण्याची आवश्यकता नाही.

भामरागडच्या बाजूने पाहता

येथवरचा हिशेब कुटुंबाचा झाला. तो तेवढाच असता तर हा लेख एखाद्या व्यवसाय-मार्गदर्शनाच्या सदरात शोभला असता. पण या प्रश्नाला दुसरी बाजू आहे, आणि ती पाहण्यासाठी नागपूरहून लांब जावे लागत नाही. गडचिरोली जिल्ह्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा रस्ता बंद होतो आणि कित्येक गावांचा जगाशी संबंध तुटतो, हे वर्षानुवर्षे चालत आले आहे. अशा वेळी अडलेल्या बाळंतिणीला किंवा जखमी पोलिसाला बाहेर काढण्यासाठी हेलिकॉप्टरच लागते. निवडणूक आली की दुर्गम केंद्रांवरची मतदान पथके आणि यंत्रे हेलिकॉप्टरनेच जातात. त्या पथकांत बहुधा शिक्षक आणि कारकूनच असतात, हे या पानाच्या वाचकांना निराळे सांगणे नको.

ज्या वस्तूचा लाभ केवळ विकत घेणाऱ्यापुरता मर्यादित राहत नाही, ती बाजाराच्या हवाली केली असता समाजाला पाहिजे तितकी निर्माण होत नाही, हे अर्थशास्त्राचे प्राथमिक तत्त्व आहे. भामरागडची बाळंतीण हेलिकॉप्टरचे भाडे देऊ शकत नाही. म्हणून तिच्यासाठी वैमानिक तयार करण्याची प्रेरणा कोणत्याही खाजगी शाळेला होणार नाही. येथे शासनाने पुढे यावे, असे म्हणण्यात काही नवे नाही. १९२८ च्या सुमारास मुंबई, दिल्ली, कराची, कलकत्ता येथे निघालेले फ्लाइंग क्लबदेखील सरकारी साहाय्याच्या आधारावर उभे राहिले होते. त्याच काळात, १९२९ साली, जे. आर. डी. टाटा यांना देशातील पहिला वैमानिक परवाना मिळाला, आणि तीन वर्षांनी त्यांनी कराचीहून मुंबईस टपाल आणले. या देशात नागरी उड्डाण केवळ खाजगी हौसेवर कधीच वाढलेले नाही.

तीन सूचना

शासनाने काय करावे याविषयी तीन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली ही की, राज्य शासन पोलीस, आरोग्य किंवा मंत्र्यांचे दौरे यांसाठी जेथे जेथे हेलिकॉप्टर भाड्याने घेते, तेथील कंत्राटात जोडवैमानिकी यंत्रावर कमी अनुभवाचा एक तरुण सहवैमानिक घेण्याची अट असावी, आणि त्याचा वाजवी खर्च दरात धरावा. दीडशे आणि हजार तासांमधील दरी यानेच थोडीफार भरून येईल. शिवाय निवृत्त वैमानिकांचा अनुभव पुढच्या पिढीच्या हाती जाईल.

दुसरी सूचना शिष्यवृत्तीची. दरवर्षी थोड्याच, समजा दहा, विद्यार्थ्यांची निवड कठोर परीक्षेने करावी, आणि गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट येथील मुलामुलींना तीत वाटा राखावा. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांना आपल्याकडे बंधपत्रानुसार सेवा करावी लागते. त्याच धर्तीवर या वैमानिकांनीही काही वर्षे शासनाने सांगितलेल्या ठिकाणी काम करावे. परतफेड ठराविक हप्त्यांनी न घेता मिळकतीच्या प्रमाणात घ्यावी. मिल्टन फ्रीडमन यांच्यासारख्या मुक्त बाजाराच्या कट्टर पुरस्कर्त्यानेही १९५५ मध्ये व्यवसायशिक्षणासाठी अशाच तऱ्हेची कल्पना मांडली होती, आणि ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून उच्च शिक्षणात मिळकतीशी निगडित परतफेड अमलात आणली. ज्याला नोकरी लागली नाही त्याच्या घरावर जप्ती येऊ नये, एवढाच त्याचा अर्थ.

तिसरी सूचना नागपूरच्या कारखान्यासंबंधी. जमीन, वीज आणि कर यांत ज्या उद्योगाला सवलती द्यावयाच्या, त्याच्याकडून काही मागून घेणे गैर नाही. कारखाना खरोखरच उभा राहिला, तर देखभालीचे तंत्रज्ञ आणि वैमानिक यांच्या प्रशिक्षणाची सोय त्याच्याबरोबरच व्हावी, असे करारात आताच लिहून घेतले पाहिजे. टपालाच्या थैल्या रात्री येथे येत आणि पहाटे निघून जात. नागपूर तेवढ्यापुरते देशाच्या मध्यभागी असे. यंत्रे येथे जोडली जाऊन ती चालविणारी माणसे मात्र बाहेरून येणार असतील, तर तीच गोष्ट पुन्हा घडेल.

करदात्याच्या पैशाने श्रीमंतांचे सारथी कशाला तयार करायचे, असा आक्षेप यावर घेतला जाईल. आक्षेप रास्त आहे. म्हणूनच बंधपत्र आणि परतफेड या दोन्ही अटी त्यात घातल्या आहेत. परंतु आजही करदाता तो खर्च करीतच आहे. फक्त तो सैन्यदलांच्या अंदाजपत्रकात दडलेला असल्यामुळे दिसत नाही. सैन्याने घडविलेल्या माणसांवर नागरी क्षेत्राने कायमचे विसंबून राहणे हे सैन्याच्याही हिताचे नाही.

तोवर, ज्या घरात या विषयावर सध्या रात्री उशिरापर्यंत बोलणे चालले आहे, त्यांना एवढेच सांगणे आहे. मुलाच्या किंवा मुलीच्या धाडसाविषयी शंका घेऊ नये. ते आपल्याकडील तरुणांत पुरेसे आहे. मात्र घराचे खरेदीखत बँकेत नेण्यापूर्वी वैद्यकीय तपासणीचा निकाल हाती असू द्यावा, आणि दीडशे तासांनंतरचा पहिला तास कोणाच्या हेलिकॉप्टरमध्ये होणार आहे, याचे उत्तरही.